लग्न लागेल कुठेही, नांदायचं कुठे?

पत्राचा सारांश : पुण्यातल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. ती ३६ वर्षांची, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. तिची जोडीदारीण ३४ वर्षांची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. नऊ वर्षांची सोबत, त्यातली सहा वर्षं एका घरात. फ्लॅट जोडीदारणीच्या नावावर, कर्जाचा हप्ता निम्मा-निम्मा. गेल्या पावसाळ्यात जोडीदारणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन तातडीने करावं लागलं, तेव्हा फॉर्ममधल्या ‘पेशंटशी नातं’ या रकान्यात पत्रलेखिकेने ‘मावसबहीण’ लिहिलं. ते तिला अजून सलतंय. आता जोडीदारणीच्या कंपनीने म्युनिक किंवा टोरांटो असे दोन पर्याय दिलेत. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचंय. लग्न करायचं हे दोघींचं पक्कं आहे, वाद आहे तो कुठे यावर. जोडीदारीण म्हणते, अमेरिकेतल्या यूटा राज्यातून व्हिडिओ कॉलवर लग्न लागतं, शनिवारी रात्री घरी बसून उरकू. पत्रलेखिकेला थायलंड हवंय : चार मैत्रिणी, समुद्र, पैठणी. एक मित्र म्हणतो नेपाळला जा, व्हिसासुद्धा नको. आई धनकवडीला भावाकडे असते, वडील नाहीत. आईला ‘सांगितलेलं नाही’. पण ऑपरेशननंतर आईने दोन डबे पाठवले होते, चिकटपट्टीवर नावं घालून : लेकीच्या डब्यात भरली वांगी, दुसऱ्यात मऊ मुगाची खिचडी. पत्रलेखिका विचारते, ‘ताई, आम्ही लग्न कुठे करावं म्हणजे ते खरं धरलं जाईल?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात देश बरेच आहेत, समुद्रही आहे, पण ते सुरू होतं हॉस्पिटलच्या काउंटरपासून. रात्री दीड वाजता, एका काखेत तिची पर्स आणि हातात तिच्या चपलांची पिशवी धरून तू ‘मावसबहीण’ लिहिलंस. समोरच्या माणसाने वर मान करूनही बघितलं नाही, शिक्का मारला आणि डिपॉझिट सांगितलं. वाद झाला नाही, कुणी काही बोललं नाही, आणि म्हणूनच ते इतके महिने आत रुतून बसलंय, असं मला वाटतं. भांडण झालं असतं तर निदान भांडलीस तरी असतीस.

तेव्हा आधी त्या रकान्याचं बोलू. तुम्ही दोघींनी जगात कुठेही लग्न केलंत, अगदी पहिला मान ज्या देशाचा त्या नेदरलँड्समध्ये (तिथे १ एप्रिल २००१पासून समलिंगी लग्नाचा कायदा आहे) जाऊन केलंत, तरी पुण्यातल्या त्या काउंटरवर ते प्रमाणपत्र मानायला कुणी बांधील नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जणांच्या घटनापीठाने लग्न हा मूलभूत हक्क नाही, हे एकमताने सांगितलं. निदान सिव्हिल युनियनसारखी (लग्न नव्हे, पण जोडपं म्हणून कायदेशीर नोंद) काही मान्यता मिळावी का, यावर तीन विरुद्ध दोन अशी विभागणी झाली आणि तेही गेलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५मध्ये फेटाळल्या गेल्या. परदेशातल्या आपल्या दूतावासात भारतीयांची लग्नं लागतात ती १९६९च्या परदेशी विवाह कायद्याखाली. तो दरवाजाही तुमच्यासाठी बंदच राहिला. यात गुन्हा काही नाही, हे मात्र ध्यानात ठेव. कलम ३७७चा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग ६ सप्टेंबर २०१८लाच गेला. बाहेर लग्न करून आलात म्हणून इथे कुणी तुमच्या वाटेला जाऊ शकत नाही. इथले कागद तुम्हाला दोन अविवाहित बायका समजत राहतील, एवढंच. (वाचकांपैकी कुणी ट्रान्स असेल आणि कायद्याच्या नजरेत जोडी स्त्री-पुरुषाची असेल, तर त्याच निकालाने सध्याच्या कायद्यांखाली लग्नाची वाट मोकळी ठेवली आहे. त्यांनी पुढचं वाचण्याआधी घराजवळच्या विवाह अधिकाऱ्याकडे जावं.)

मग ‘खरं धरलं जाईल’ म्हणजे कुणी धरायचं? तू देशांची यादी केलीस ती लग्न लागण्याची. लग्न एका गावी लागतं आणि नांदायचं दुसऱ्या गावी, हे आपल्याकडच्या बायकांना काही नवीन नाही. मांडव माहेरच्या दारात पडतो, पण आयुष्य जातं ते सासरच्या रीतीने. तुमचंही तसंच समज. सासर म्युनिक असेल तर एक उत्तर, टोरांटो असेल तर दुसरं. वाद कुठे लग्न करायचं यावर चाललाय, आणि निर्णय बाकी आहे तो कुठे नांदायचं याचा.

टोरांटो घेऊ आधी, कारण तिथे तुला लग्नाची गरजच नाही. आश्चर्य वाटलं ना? कॅनडात ‘कॉमन-लॉ पार्टनर’ ही सरळ कायदेशीर ओळख आहे. सलग बारा महिने जोडपं म्हणून एकत्र राहिलेले दोघे, मग ते कुणीही असोत, इमिग्रेशनसाठी नवरा-बायकोच्या बरोबरीने धरले जातात. तुमची सहा वर्षं झालीत. सिद्ध मात्र करावं लागतं, आणि इथे आपल्या जोडप्यांची पंचाईत होते, कारण आयुष्यभर आपण पुरावा राहू नये याचीच काळजी घेतलेली असते. दोघींच्या आधारवर एकच पत्ता आहे का? विजेचं बिल एकीचं, गॅस आणि इंटरनेट दुसरीच्या नावाने असेल तर फारच छान. हप्त्याचे निम्मे पैसे तू कसे देतेस? रोख देत असशील तर आजपासून बंद कर. खात्यातून पाठव आणि शेऱ्यात ‘गृहकर्ज हप्ता’ लिही. जॉइंट खातं उघडा. बँकेतला कुणी कुरकुरला तर त्याला सांग, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही बंदी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ला स्पष्ट केलेलं आहे.

कॅनडात लग्न करायचंच असेल तर तेही सोपं आहे. २० जुलै २००५पासून देशभर कायदा आहे, नागरिकत्व किंवा वास्तव्याची अट नाही. ऑन्टारिओत लायसन्स काढलं की ९० दिवसांत लग्न लावायचं, दोन साक्षीदार लागतात. म्हणजे टोरांटो ठरलं तर कॉमन-लॉ म्हणून जा, बस्तान बसवा, आणि लग्न सावकाश, बर्फ वितळल्यावर करा. दिवाळीच्या आत करायची घाई उरतच नाही.

म्युनिकची गोष्ट अगदी उलट. जर्मनी, तू नऊ वर्षं सोबत राहिलीस की एकोणीस, हे विचारत नाही. पत्नी म्हणून व्हिसा हवा तर लग्नाचा कागद हवा. १ ऑक्टोबर २०१७पासून तिथे सर्वांना लग्न खुलं आहे आणि परदेशात झालेलं समलिंगी लग्न तपासताना जर्मन कायदा जिथे ते नोंदलं त्या देशाचा कायदा बघतो, भारताचा नाही. ही तुमच्या फायद्याची गोष्ट. तिला ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) मिळालं तर तुला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि पोचल्यापासून नोकरीचा हक्क मिळतो. पण प्रत्यक्ष जर्मनीत लग्न लावायला जाशील तर गाडी कागदांत रुतते. भारत ॲपोस्टिल (कागद खरा असल्याचा, देशोदेशी चालणारा शिक्का) करारात आहे, पण जर्मनीने आपल्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असल्यामुळे आपल्या कागदांवरचं ॲपोस्टिल तिथे चालत नाही. जन्मदाखल्यापासून सगळ्याची पडताळणी वकिलातीमार्फत होते आणि त्यात महिने जातात.

म्हणून जर्मनीत राहणारी कितीतरी परदेशी जोडपी, समलिंगी नसलेलीसुद्धा, शेजारच्या डेन्मार्कला जाऊन लग्न करून येतात. तिथे तुमच्यासारख्यांचं लग्न १५ जून २०१२पासून कायदेशीर आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. एकच सरकारी कार्यालय तो तपासतं : पासपोर्टचं पानन् पान, नातं खरं असल्याचा पुरावा. ते पटलं की चार महिने चालणारं एक प्रमाणपत्र मिळतं. त्या मुदतीत कोणत्याही नगरपालिकेत तारीख घ्यायची. कोपनहेगन आहे, जर्मन सीमेला खेटून टोंडर आहे, एऱ्यो नावाचं छोटं बेट तर अशा लग्नांसाठी प्रसिद्धच आहे. (समुद्र हवा होता ना? थंड आहे, पण समुद्रच.) दाखला पाच भाषांत मिळतो, त्यात जर्मन आणि इंग्रजी दोन्ही. अडचण एकच : तिथे पोचायला कायदेशीर प्रवेश लागतो, म्हणजे तुला शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच) व्हिसा हवा. तिने पुढे जाऊन जर्मनीचा निवासपरवाना मिळवला की तिला डेन्मार्कला जायला वेगळा व्हिसा लागणार नाही. तू भारतातून ये, लग्न करा, परत ये आणि मुंबईतून पत्नी म्हणून अर्ज कर. दोन-चार महिन्यांचा विरह धरून चाल.

आता तुझ्या जोडीदारणीचा शनिवार रात्रीचा बेत. यूटा काउंटीचं ऑनलाइन लग्न खोटं नाही. तिथल्या कायद्याने ते पुरतं वैध आहे आणि स्वस्तही आहे. पण तुमचं सासर ज्या दोन देशांत आहे, नेमके तेच दोन देश ते मानायला तयार नाहीत. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत २०१५पासून लिहिलेलं आहे, की लग्न लागताना दोघं प्रत्यक्ष हजर नसतील, फोनवर किंवा इंटरनेटवर असतील, तर त्या आधारावर जोडीदार म्हणून घेणार नाही. जर्मनीत तर २५ सप्टेंबर २०२४ला त्यांच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे यूटाचंच प्रकरण होतं. जोडपं जर्मनीत बसून कॅमेऱ्यासमोर ‘हो’ म्हणालं होतं. कोर्ट म्हणालं, ‘हो’ जिथे बसून म्हटलं तिथे लग्न झालं, आणि तिथल्या रीतीने ते झालेलं नाही. हाच हिशेब लावला तर तुमचं लग्न कोथरूडच्या सोफ्यावर होतं, आणि कोथरूडचा कायदा आपल्याला ठाऊक आहे. वर पुन्हा लग्न करायला गेलात की ‘आधी लग्न झालंय का’ या प्रश्नाला काय उत्तर देणार? शनिवारी दुसरं काहीतरी करा.

थायलंडने २३ जानेवारी २०२५पासून कायदा लागू केला, आग्नेय आशियात पहिल्यांदा, आणि परदेशी जोडप्यांना जिल्हा कार्यालयात नोंदणी करता येते. पण परदेशी माणसाला ‘मी लग्नाला मोकळी आहे’ असा कागद स्वतःच्या दूतावासाकडून आणावा लागतो, मग त्याचं थाईत भाषांतर, मग त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. म्हणजे फिरून पुन्हा आपल्याच सरकारच्या खिडकीत. त्या खिडकीतून लेखी होकार मिळाल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नकोस, एवढंच सांगेन. नेपाळबद्दल तुझा मित्र प्रेमाने बोलतोय, पण तिथली नोंदणी अजून संसदेच्या कायद्यावर उभी नाही, जून २०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या अंतरिम आदेशावर उभी आहे. पहिलं लग्न नोंदलं गेलं २९ नोव्हेंबर २०२३ला, लमजुंग जिल्ह्यात, आणि ते तिथल्याच दोन नागरिकांचं होतं. जर्मन व्हिसा अधिकाऱ्यापुढे ठेवण्याजोगा कागद म्हणून मी त्यावर विसंबणार नाही.

आणि पैठणीचं काय? ती नेस ना. आपल्याकडे अक्षता डिसेंबरात पडतात आणि नोंदणी कुठेतरी पुढच्या जूनमध्ये, पासपोर्टला दाखला लागला म्हणून होते. दोन्ही एकाच दिवशी व्हायला हवं हे कुणी सांगितलं? समुद्रावर मैत्रिणींसमोर हार घालायला कोणत्याच देशाचा शिक्का लागत नाही. सही एऱ्योच्या बेटावर किंवा टोरांटोच्या सिटी हॉलमध्ये होऊ दे.

इथे मला दोन गोष्टी विचारायच्यात, रागावू नकोस. पहिली, तुझ्या पत्रात तुझ्या नोकरीबद्दल एकही ओळ नाही. तिची कंपनी, तिचे पर्याय, तिची मुदत. तू दहावीच्या उंबरठ्यावरच्या पोरांना गणित शिकवतेस. म्युनिकला काय करणार? जर्मन शाळेत शिकवायला भाषा वरच्या पातळीची लागते आणि साधारणपणे दोन विषयांची पदवी लागते. ऑन्टारिओत शिक्षकांची परवाना देणारी संस्था आहे, तुझ्या बी.एड.चं मूल्यमापन होईल, वेळ लागेल पण रस्ता आहे. तिचं काम उच्च कौशल्याच्या वर्गात बसत असेल आणि तिच्या परवान्याचे किमान १६ महिने शिल्लक असतील, तर तुला तिथे खुला कामाचा परवाना मागता येतो (हे नियम २१ जानेवारी २०२५पासून कडक झालेत). जोडीदार म्हणून जाणाऱ्या माणसाचा मुक्काम जोडीदाराच्या नोकरीवर टांगलेला असतो. हे मी सगळ्या नवविवाहितांना सांगते, अमेरिकेला निघालेल्या सुनांना तर हात धरून सांगते. तुला वेगळं का सांगू?

दुसरी गोष्ट घटस्फोटाची. लग्नाच्या बोलण्यात हा शब्द काढला की आपल्याकडे लोक दचकतात, पण लग्न करायला काही ठिकाणी चार दिवस पुरतात आणि मोडायला तिथलं वास्तव्य लागतं. परदेशात लग्न करून भारतात परतलेली जोडी वेगळी झाली, तर इथलं कुटुंब न्यायालय म्हणेल, कसलं लग्न? आणि तिकडच्या कागदावर ते दोघे विवाहितच राहतील. उद्या घरच्यांच्या रेट्याने एकाने इथे ‘रीतसर’ लग्न केलं, तरी पहिलं तिकडे जिवंत असतं. या बाबतीत कॅनडाने शहाणपण दाखवलंय. तिथे लग्न केलेल्या पण राहत्या देशात मान्यता नसलेल्या जोडप्यांना, एक वर्ष वेगळं राहिल्यावर तिथल्याच कोर्टातून घटस्फोट मिळू शकतो. २०१३मध्ये त्यासाठी मुद्दाम तरतूद केली. नुसतं ‘लग्न कुठे’ एवढंच ठरवायचं असतं आणि पुढे भारतातच राहायचं असतं, तर मी या एका कारणासाठी कॅनडा सुचवलं असतं.

तुझ्यासारखी आणखी पत्रं माझ्याकडे आहेत, म्हणून ओघात बाकीचे देशही सांगते. अमेरिकेला एच-४वर (तिथे नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) जायचं तर जर्मनीसारखंच, लग्न हवं. यूटावाल्यांनो, तुम्हालासुद्धा ऑनलाइन लग्नानंतर प्रत्यक्ष एकत्र आल्याचं दाखवावं लागतं. न्यूयॉर्कला गेलात तर सिटी क्लार्कच्या कार्यालयात ३५ डॉलरचं लायसन्स, २४ तास थांबायचं, मग २५ डॉलरमध्ये लग्न. रहिवासी असण्याची अट नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स हे कॅनडाच्या बाजूचे. लग्नाशिवायचा जोडीदार चालतो, पुरावा भक्कम हवा. ब्रिटनमध्ये दोन वर्षांचं नातं, ऑस्ट्रेलियात साधारण बारा महिन्यांचं.

देश कोणताही निवडा, एक सवय मात्र इथेच सोडून जावी लागेल, ती तुझ्या त्या रकान्याची. आपण ‘मावसबहीण’ लिहितो, ‘रूममेट’ लिहितो, व्हिसाच्या फॉर्मवर सहज ‘सिंगल’ला टिक करतो, कारण तसं लिहिल्याने आजवर आपलं निभावलंय. कॅनडाच्या अर्जात तिने आधी ‘सिंगल’ लिहिलं आणि दोन वर्षांनी तुला जोडीदार म्हणून दाखवलं, तर एक तर चुकीची माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते, आणि दुसरं म्हणजे कायम वास्तव्याच्या अर्जात न दाखवलेल्या जोडीदाराला नंतर बोलावून घेणं अडकतं. मी अशी एक जोडी पाहिलीय. मुलगा आधी गेला, घाबरून ‘अविवाहित, एकटा’ लिहून गेला. सात वर्षांचा संसार मागे राहिला तो त्या एका टिकमार्कमुळे. तेव्हा तुझ्या जोडीदारणीने कंपनीच्या एचआरला आजच, लेखी, सांगायला हवं की सोबत माझी जोडीदारीण येणार आहे. ती हे करायला तयार आहे का? ऑनलाइन लग्नाची घाई आणि ऑफिसात गुपचूप, असं दोन्ही असेल तर दोघींनी देशाआधी त्यावर बोलावं.

राहिला पुण्याचा काउंटर. जाईपर्यंत, आणि पुढे सुट्टीला याल तेव्हाही, तो आहेच. आधी एक गोष्ट मनातून काढ : त्या रात्री ती शुद्धीवर होती ना? मग ऑपरेशनला संमती तिचीच लागत होती, तुझी नाही आणि खऱ्या मावसबहिणीचीही नाही. शुद्धीवरच्या प्रौढ पेशंटच्या जागी आईची संमतीसुद्धा चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००८मध्येच सांगितलंय. हॉस्पिटलला सही हवी असते ती बहुतेकदा बिलासाठी आणि धावपळीसाठी. पुढच्या वेळी ‘जोडीदार’ लिही. कुणी विचारलंच तर तिने सही केलेलं पत्र दाखव : ‘माझ्या उपचारांबाबत हिच्याशी बोलावं.’ मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७च्या कायद्याने कुणाही प्रौढ व्यक्तीला साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतं. बरं होण्याची आशाच नसेल अशा वेळेसाठीचं वैद्यकीय इच्छापत्र २०२३पासून सोपं झालंय : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मुखत्यारपत्रावर मात्र फार भिस्त ठेवू नका. करून देणाऱ्याचं भान हरपलं की साधारणपणे तेही संपतं, नेमकं हवं तेव्हाच.

घराचं सगळ्यात महत्त्वाचं. फ्लॅट तिच्या नावावर, निम्मे पैसे तुझे, आणि उद्या तिला काही झालं तर वारस तिच्या माहेरचे. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुझं नाव घालणं चांगलं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो विश्वस्त असतो. विम्यात तर पालक, जोडीदार, मुलं यांनाच ‘लाभार्थी नॉमिनी’चा विशेष दर्जा आहे, आणि तिथे जोडीदार म्हणजे कायद्याचा. ‘मग ती निम्मा फ्लॅट मला बक्षीसपत्र करून देईल’ असं तुझ्या मनात येईल. नवऱ्याने बायकोला राहतं घर असं दिलं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. तुम्हाला ती सवलत नाही. शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून ५० हजारांवर मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर. मुंबई उच्च न्यायालयात २०२५मध्ये एका जोडप्याने याच भेदभावाला आव्हान दिलंय. इच्छापत्राने मिळालेल्या मिळकतीवर मात्र हा कर नाही. म्हणून इच्छापत्र करा, दोघीही, या महिन्यात. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण करून टाका. गणिताच्या बाईंना सांगायला नको, यात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त सुरक्षितता आहे.

आता आई. तू लिहितेस ‘तिला सांगितलेलं नाही’. चिकटपट्टीवर दुसरं नाव घालून, टाके पडलेल्या पोटाला सोसेल अशी मऊ खिचडी वेगळी शिजवून पाठवणाऱ्या बाईला काय सांगायचं राहिलंय, ते मला कळेना. तिने तर तिचा रकाना भरून पाठवला. शब्द मात्र तुला काढावे लागतील, कारण ती काढणार नाही; त्या पिढीला ते येत नाही. आणि ते शब्द परदेशातून व्हॉट्सॲपवर दाखल्याच्या फोटोखाली येऊ नयेत.

मी काय करेन सांगू? इच्छापत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असा संकेत. तू अविवाहित, वडील नाहीत, म्हणजे इच्छापत्र नसेल तर तू स्वतः कमावलेलं सगळं कायद्याने आईकडे जातं. तुझ्या इच्छापत्रात तू ते जोडीदारणीला देणार आहेस. म्हणजे आईला त्यातून काही मिळत नाही. ती साक्षीदार होऊ शकते. उद्या हरकत घ्यायचा पहिला हक्क जिचा, तिचीच सही खाली असेल तर तो कागद मोडायला कुणी धजणार नाही. तेव्हा एखाद्या रविवारी दोघी धनकवडीला जा, डबे परत करायचे राहिले असतीलच, ते घेऊन. कागद आईसमोर ठेव आणि तिला चष्मा लावून सावकाश वाचू दे. घाई करू नकोस, मधे बोलू नकोस. दुसरा साक्षीदार मात्र वयाने लहान, तुमच्या मैत्रिणींपैकी कुणी तरी घ्या. पुढे कधी कोर्टात उभं राहायची वेळ आली तर साक्षीदार हयात आणि गावात असलेला बरा.